ऑइल नटाला लोहचुंबक: एका स्प्लेंडरच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, फैजपूर. मीटर ६८,४२०

दिवाळीच्या गडबडीतून मोकळा झालो आणि पहिलं हे काम हातात घेतलं. गाडी २०११ची हिरो होंडा स्प्लेंडर. माझा धंदा ठिबक संच बसवायचा आणि दुरुस्त करायचा. त्यामुळे सावदा, रावेर, यावल, कधी चोपडा, आणि डांबर संपलं की पुढे केळीच्या बागेतली गाडीवाट. दिवसाला साठेक किलोमीटर होतात. इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. धूर नाही, ऑइल थोडं खातं. ते कधी उघडावं लागेल याचा अंदाज आधी यावा एवढीच इच्छा. ऐन कामाच्या दिवसांत गाडी बसली की मीही बसतो.

कल्पना जुनीच आहे. ऑइल काढायच्या नटाच्या टोकाला लोहचुंबक बसवायचा आणि दर वेळी ऑइल बदलताना त्याला काय चिकटलंय ते बघायचं. इंजिनात झिजतं ते बहुतेक लोखंड किंवा पोलाद: बोअरची (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याची) भिंत, रिंगा, गिअरचे दात, टायमिंग चेन, बेअरिंगच्या गोळ्या. आपल्या मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना ऑइल एकच, म्हणून कुणाचंही झिजलेलं शेवटी त्याच तळाशी येतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याचा कीस चुंबकाला लागणार नाही. क्लच प्लेटच्या अस्तराचाही नाही.

या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही, हे दुसरं कारण. एक जाळी आहे, आणि क्रँकच्या उजव्या टोकाला फिरणारी वाटी आहे. डेअरीत मलई काढायचं यंत्र असतं तसलाच प्रकार. ऑइल वाटीतून जाताना जड कण कडेला फेकले जातात आणि तिथेच थापून बसतात. रचना चांगली आहे, पण उजवं झाकण उघडल्याशिवाय त्यात काय साचलंय ते दिसत नाही. नट मात्र दर वेळी हातात येतोच.

भुसावळच्या एका टर्नरकडून जुन्या नटाला टोकाकडून मधोमध सहा मिलिमीटरचं छिद्र पाडून घेतलं. नट बारा मिलिमीटर जाडीचा, आटे दीड मिलिमीटरचे, पाना सतरा नंबर. छिद्रात निओडिमियमचा गोल चुंबक, भोवती इपॉक्सी. टर्नर हुशार निघाला. चुंबक किंचित आत ठेवून त्याने छिद्राची कड पंचाने आत दाबली. इपॉक्सी सुटलंच तरी चुंबक गिअरच्या दातांत जाणार नाही. मला हे सुचलं नव्हतं.

ताकद मोजायची माझी रीत: एम ६ चे नट एकाखाली एक लटकवायचे. ९ लटकले. नवं ऑइल, नवा वायसर, आणि पाना हलक्या हाताने. चेंबर, म्हणजे नट ज्यात बसतो ते इंजिनाचं तळाचं आवरण, ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की मग चुंबकाचं कौतुक राहत नाही.

७ जानेवारी २०२४. मीटर ७१,३९०

पहिली उघडणी. इंजिन गरम करून ऑइल काढलं. नटाच्या टोकावर करडा-काळा लेप, काजळाच्या डबीत बोट घातल्यासारखा. दोन बोटांत चोळला, कण लागला नाही. हे चांगलं लक्षण. बारीक लेप ही रोजची झीज. बोटाला टोचणारा कण किंवा चमकणारी पापडी दिसली तर काळजी करायची.

पण ‘थोडासा’ आणि ‘बराच’ या मापांवर माझा विश्वास नाही. जळगाव जिल्ह्यात राहून मिलिग्रॅमच्या काट्याची काय वाण? लेप बटर पेपरवर काढला, पेट्रोलने तीनदा धुतला, सुकवला आणि ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोन्याच्या काट्यावर इंजिनाचा मळ ठेवायला त्याने आधी नाक मुरडलं, मग त्यालाच उत्सुकता लागली. कोरा कागद वजा जाता ६२ मिलिग्रॅम.

हा आकडा पायाभूत धरणार नाही. आधीची अनेक वर्षं चुंबक नव्हताच, तेव्हाचा साचलेला मळही पहिल्या खेपेस ओढला गेला असणार.

९ जानेवारी

भुसावळला मामांकडे गेलो होतो. मामा रेल्वेत, इटारसीच्या डिझेल शेडमधून निवृत्त. नटाचा फोटो दाखवला. म्हणाले, “आम्ही इंजिनाचं तेल ठरलेल्या दिवशी लॅबला पाठवायचो. लोखंड किती, तांबं किती, शिसं किती, सिलिकॉन किती, सगळं कागदावर यायचं. पण एक कागद बघून कुणी इंजिन उघडत नसे रे. मागचे कागद शेजारी ठेवायचे. चढ दिसला की मग हालचाल.”

तांबं-शिसं वाढलं की बेअरिंगचं अस्तर, सिलिकॉन वाढलं की बाहेरची धूळ आत येतेय, असा त्यांचा हिशेब. माझ्या चुंबकाला यातलं फक्त लोखंड कळतं, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. मात्र लॅबच्या यंत्रालाही एक खोट आहे: पाच-दहा मायक्रॉनच्या वरचा कण त्याला नीट दिसत नाही. मोठा तुकडा पडला तर तो चुंबकच पकडतो. म्हणून हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्येही चुंबकी प्लग असतात. त्यातल्या काहींत दोन टोकांमधली फट लोखंडाच्या कणांनी बुजली की सर्किट पुरं होतं आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. स्प्लेंडरला दिवा नाही. सराफ आहे.

२५ फेब्रुवारी. मीटर ७४,४१०

४१ मिलिग्रॅम, ३,०२० किलोमीटरला. लेप तसाच, मऊ. हाच माझा पाया. हजार किलोमीटरला साडेतेरा धरू.

१४ एप्रिल. मीटर ७७,३८०

घाबरलो. नट काढला तर टोकावर लेप आहेच, पण त्यात दाणे. चक्क दाणे, रव्यापेक्षा थोडे बारीक, काळेभोर, काही चमकणारे. बोटात चोळले तर करकर. धुऊन, सुकवून वजन केलं: २०८ मिलिग्रॅम. मागच्या वेळेच्या पाचपट.

गाडी चालवताना काही जाणवलं नव्हतं. आवाज तोच, ओढ तीच. पण दाणे समोर दिसतायत म्हटल्यावर आवाजही बदलल्यासारखा वाटायला लागला.

१६ एप्रिल

गॅरेजवर गेलो. मेकॅनिकने कागदाची पुडी उघडली, उन्हात धरली आणि निकाल दिला: “बोअर-पिस्टन गेलं भो. गिअरही पाहावा लागीन. सोड गाडी.” खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी सोडली नाही. चार दिवस मागून घेतले.

१८ एप्रिल

रात्री झोप येईना तेव्हा आठवलं. १४ तारखेला नट पान्यातून निसटून अंगणात पडला होता. उचलला, फुंकर मारली, कागदावर ठेवला. एवढंच. वहीत लिहायचीसुद्धा गरज वाटली नव्हती.

आज सावद्याहून येताना नाल्याच्या पात्रात थांबलो. स्पीकरचा जुना चुंबक पिशवीत होता, तो वाळूतून वीतभर फिरवला. बाहेर आला तो दाढी फुटल्यासारखा, काळ्या बारीक दाण्यांनी भरलेला. लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो, चुंबकाला मिशा फुटवायचा. आपली ही सगळी काळ्या पाषाणाची भूमी. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, खडक झिजला की त्याचे दाणे वाळूत आणि मातीत उतरतात, आणि ते चुंबकाला पक्के धरतात. माझ्या अंगणातही तीच माती.

म्हणजे खानदेशात चुंबकाला चिकटलं ते सगळं इंजिनाचं, असं म्हणायची सोयच नाही. एखाद्या दुसऱ्या मुलखात, जिथे जमीन चुनखडीची किंवा पांढऱ्या वाळूची आहे, तिथल्या माणसाला हा प्रश्न पडणारच नाही.

२० एप्रिल

आता दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? भिंगाखाली दाणे टोकदार, काही अष्टपैलू, धातूसारखेच चमकणारे. नुसत्या नजरेवर माझा भरवसा नाही, तो १४ तारखेला संपला.

दहावीच्या विज्ञानातला प्रयोग आठवला: मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकला की त्याच्यावर तांबं चढतं. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं आणि स्वतः विरघळतं. पण हे धातू असलेल्या लोखंडालाच जमतं. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्याच्यावर तांबं चढणार नाही. मोरचूद शोधायला कुठे जायला नको होतं. लिंबावर बोर्डो फवारायला आणलेलं घरात पडलं होतं. (विषारी आहे. वापरलेली वाटी पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, आणि ती कोणती होती यावरून घरात झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.)

तीन काचेच्या वाट्या घेतल्या. पहिलीत कानसीने खिळ्याचा काढलेला कीस. दुसरीत नाल्यातले काळे दाणे. तिसरीत १४ तारखेच्या पुडीतलं चिमूटभर. निळं पाणी ओतलं आणि थांबलो.

पहिली वाटी दोन-तीन मिनिटांत विटकरी लाल. दुसरी काळीच. तिसरीही काळीच.

आनंद झाला, पण लगेच शंका आली: तिसऱ्यातला बारीक लेप तरी लाल व्हायला हवा होता, तो नक्कीच इंजिनाचा आहे. मग लक्षात आलं, पेट्रोलने धुतलं तरी ऑइलचा पापुद्रा राहतो आणि पाणी कणाला शिवतच नाही. भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात दोनदा धुऊन पुन्हा केलं. आता तिसऱ्या वाटीत दोन रंग दिसले: बारीक गाळ लालसर, मोठे दाणे काळेच्या काळे. एकही मोठा दाणा लाल झाला नाही.

उरलेल्या पुडीतले दाणे आणि लेप वेगळे केले. पेट्रोलमध्ये ढवळलं की दाणे पटकन तळाला बसतात, लेप तरंगत राहतो, तेवढ्यात तो दुसऱ्या वाटीत ओतून घ्यायचा. डाळीतले खडे काढतात तसं. आलेलं प्रमाण सगळ्या २०८ला लावलं: दाणे १५० मिलिग्रॅम, लेप ५८.

मेकॅनिकला दोन्ही वाट्यांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, “तू इंजिन पाहून राह्यला का शाळा भरवून राह्यला?” पण फोटो त्याने स्वतःच्या फोनवर मागून घेतला.

यापुढचा नियम वहीच्या पहिल्या पानावर: नट उघडण्याआधी चेंबरचा तळ ब्रशने आणि डिझेलने साफ करायचा. नट हातातून थेट झाकणाच्या डबीत टाकायचा. जमिनीवर पडला तर त्या खेपेचं वजन बाद.

२१ एप्रिल

वाळूच्या आनंदात एक गोष्ट काल मागे पडली. दाणे वगळूनसुद्धा लेप ५८ आहे, फेब्रुवारीत ४१ होता. अंतर जवळजवळ तेवढंच. हजार किलोमीटरला साडेतेरावरून साडेएकोणीस. एवढ्यावर काही ठरवत नाही. मामांचा चढ दिसायला तिसरा कागद हवा.

१० मे, आखाजी

सासरी आमरस, डोक्यावर ऊन. दुपारी गाडीच्या टाकीला हात लावता येत नव्हता. चेंबरला हात लावायचा तर प्रश्नच नाही.

जेवण झाल्यावर आडवा होऊन विचार करत होतो तेव्हा लक्षात आलं: साधा निओडिमियम चुंबक ऐंशी अंशांपर्यंतच चालतो, त्याच्या वर तापला की ताकद गमावतो आणि थंड झाल्यावर ती सगळी परत येत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल आपल्या मे महिन्यात ऐंशीवर थांबेल, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. जास्त तापमान सोसणाऱ्या प्रतीचे निओडिमियम मिळतात, त्याहून चिवट समेरियम-कोबाल्टचे असतात. मी घेतला तो खेळण्यातला म्हणावा असा.

२ जून. मीटर ८०,३६०

नियम पाळून उघडलं. चेंबर साफ, नट थेट डबीत.

आधी ताकद मोजली: ९ नटांवरून ५ वर. शंका खरी होती.

आणि तरीही लेप ८३ मिलिग्रॅम. चुंबक अर्धा झाला आणि पकडलेलं लोखंड वाढलं. मोरचुदात जवळजवळ सगळं लाल. दाणे नाहीत. म्हणजे हे इंजिनाचंच, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमीच असणार.

४१, ५८, ८३. मामांना फोन केला. त्यांनी लोखंडाबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाले, “हवा कुठून घेते गाडी, ते बघ.”

५ जून

एअर फिल्टर काढला. फिल्टर वाईट नव्हता, डिसेंबरातच बदलला होता. पण फिल्टरच्या डब्यापासून कार्बुरेटरपर्यंत जी रबरी नळी जाते तिच्या कार्बुरेटरकडच्या टोकाची क्लिप ढिली. हाताने नळी फिरत होती. आतून बोट फिरवलं, बोटाला बारीक पिवळट धूळ लागली. फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, जिथे बोट स्वच्छ यायला हवं, तिथे.

डिसेंबरात फिल्टर बदलला तेव्हा ती क्लिप कुणी आवळली नव्हती? मीच. गॅरेजवर गर्दी होती म्हणून घरी केलं होतं.

हिवाळाभर फारसं बिघडलं नाही, कारण तेव्हा बागांत ओल होती. मार्चपासून वाटा उडायला लागल्या, नांगरलेल्या रानांवरून वावटळी आल्या, पुढच्या ट्रॅक्टरची धूळ मी तासन्‌तास खाल्ली, आणि गाडीनेही खाल्ली. ती धूळ पिस्टन आणि बोअरच्या मध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. रिंगा आणि बोअरची भिंत घासली जाते आणि तो कीस ऑइलबरोबर खाली उतरून माझ्या नटावर बसतो. धूळ स्वतः बहुतेक सिलिकाची, ती चुंबकाला दिसत नाही. तिने खरवडलेलं लोखंड दिसतं.

नवी क्लिप बसवली. चाळीस रुपयांच्या आत काम झालं. नळीला तडे नाहीत.

२१ जुलै. मीटर ८२,८७०

मध्ये बाजारातून तयार चुंबकी नट आणला होता, दीडशे अंशांपर्यंतचा सांगितलेला. तोच २ जूनला ऑइल भरताना बसवला. ताकद ११ नट. जुन्या चुंबकाच्या आकड्यांशी नव्याची थेट तुलना आता करता येत नाही, ही माझीच चूक. पहिल्यापासून नीट चुंबक घेतला असता तर एकच सलग ओळ मिळाली असती.

५७ मिलिग्रॅम, २,५१० किलोमीटरला. ताकद दुपटीहून जास्त असून आकडा उतरलाय. तरी साडेतेराच्या पायापेक्षा बराच वर. क्लिप लागली त्याआधीचा मळ कुठेतरी उरलेला असणार.

तो ‘कुठेतरी’ बघायचं ठरवलं. गॅरेजवर उजवं झाकण उघडलं, क्रँकवरची वाटी उघडली. आत कडेला चॉकलेटी-काळा गाळ, थापलेल्या गोवरीसारखा घट्ट. लाकडी काडीने खरवडला. चुंबक फिरवला तर काही भाग उडी मारून आला, काही जागेवरच राहिला. जागेवर राहिलेल्यात काय काय असेल ते मोजायची सोय माझ्याकडे नाही: धूळ, ॲल्युमिनियम, क्लचचं अस्तर, जळकं ऑइल. एवढं मात्र दिसलं की नटावर येतं त्याच्या कितीतरी पट माल ही वाटी गिळत होती. माझे मिलिग्रॅम म्हणजे दारावरचा पहारेकरी मोजतो तेवढेच पाहुणे. मागच्या दाराने किती जातात ते वाटी उघडल्यावरच कळतं.

वाटी साफ, जाळी साफ, झाकणाचं पॅकिंग नवं. मेकॅनिकने या वेळी काही टोमणा मारला नाही.

८ सप्टेंबर. मीटर ८५,४२०

काल गणपती बसले, आज सकाळी पाऊस उघडला म्हणून गाडी घेतली.

३६ मिलिग्रॅम, २,५५० किलोमीटर. हजाराला चौदाच्या आसपास, आणि तेही जास्त ताकदीच्या चुंबकावर. बोअर-पिस्टनचं काम पुढे ढकललं. धुळीने जे घासलं ते घासलं, ऑइल पूर्वीपेक्षा किंचित जास्त खातेय. महिन्याला डिपस्टिक बघून थोडं भरावं लागतं.

मात्र आज लेपात एक नवीन वस्तू. एकच तुकडा, सुईसारखा, जेमतेम तीन मिलिमीटर, एक बाजू सपाट आणि चकचकीत. चेंबर साफ होतं, नट जमिनीला लागला नाही. साबणाने धुऊन मोरचुदात टाकला, लाल झाला. म्हणजे धातूच. वाळू म्हणून झटकून टाकता येत नाही.

कुठला? गिअरच्या दाताच्या कोपऱ्याचा असू शकतो. जुलैत झाकण उघडलं तेव्हा बाहेरून पडलेला असू शकतो. दुसऱ्या गिअरमधून गाडी सुटत नाही, कुरकुर नाही. डबीत ठेवला, वर तारीख लिहिली.

पुढचं ऑइल तीन हजारांवर नाही, दीड हजारावरच काढायचं.

६ ऑक्टोबर. मीटर ८६,९३०

१,५१० किलोमीटर. १९ मिलिग्रॅम, सगळा लेप. भिंगाखाली दोनदा बघितलं, मामांनाही दाखवलं. तुकडा नाही.

मामांनी डबीतला जुना तुकडा चिमट्यात धरला, उजेडाकडे फिरवला आणि म्हणाले, “हा टाकू नको. याचा भाऊ आला तर शेजारी ठेवून बघू.”

ऑइल भरलं, नट आवळला. मेकॅनिकच्या गिऱ्हाइकाचा एक नट घेऊन उद्या भुसावळला टर्नरकडे जायचंय. या वेळी चुंबक आधी विचारून घेणार, किती अंशांचा ते.